कोस्टा रिकात दहा रात्री, भाड्याची गाडी, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा: प्लॅनमधून काय काढायचं आणि काय ठेवायचं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्याचं कुटुंब आहे, नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा, आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, गुडघे दुखतात, पक्क्या शाकाहारी. डॅलसला बहिणीकडे जाणार आहेत आणि मुलाची परीक्षा झाली की एप्रिलमध्ये तिथून दहा रात्री कोस्टा रिका, गाडी स्वतः चालवायची. यादीत पोआस, इरासू आणि आरेनाल हे ज्वालामुखी, शिवाय तोर्तुगेरो, रिओ सेलेस्ते, मोन्तेवेर्दे, तामारिंदो, मानुएल अँतोनिओ आणि जमलं तर कोर्कोवादो. लाव्हा दिसेल का, साधी सेडान चालेल का, सासूबाई खाणार काय, आणि शेवटी "देश एवढासा तर आहे, दहा दिवसांत होईल ना सगळं?"

नाही होणार. म्हणजे ठिकाणांना हात लावून याल, पण अर्धी ट्रिप गाडीच्या काचेतून बघाल आणि सासूबाई तिसऱ्या दिवशी म्हणतील मला हॉटेलवरच राहू दे.

मी साडेतीन वर्षं कंपनीच्या कामासाठी हेरेडियाला राहत होते, राजधानी सान होसेच्या अगदी शेजारचं शहर. परत आल्यावर लोकांना ट्रिपा आखून द्यायला लागले आणि वर्षातून एकदा तरी एखादा छोटा ग्रुप घेऊन जाते. दर वेळी प्लॅन असाच येतो, नकाशावर पट्टी ठेवून केलेला. देश ५१,१०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सहावा हिस्सा, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की पुणे-कोल्हापूरसारखं सकाळी निघालं की दुपारी जेवायला पोचू. पण देशाच्या मधोमध डोंगरांचा कणा आहे आणि बहुतेक रस्ते दोन पदरी, एक जायला एक यायला, पुढे उसाचा नाहीतर अननसाचा ट्रक. एक्सप्रेसवे डोक्यातून काढा आणि आंबा घाट डोक्यात ठेवा. एअरपोर्ट ते ला फोर्तुना, म्हणजे आरेनालच्या पायथ्याचं गाव, १३० किलोमीटर आहे, तीन तास धरायचे. मोन्तेवेर्दे ते मानुएल अँतोनिओ दोनशेच्या आत, साडेचार तास. किलोमीटर मोजूच नका, तास मोजा, आणि गूगल जो वेळ दाखवेल त्यात पाव भाग वाढवा.

आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. हा माझा एकच कडक नियम आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिकडे वर्षभर साडेपाच-सहाला सूर्य मावळतो, उन्हाळ्यात संध्याकाळ लांबते वगैरे भानगड नाही, पावणेसहाला उजेड आणि सव्वासहाला मिट्ट काळोख. कडेला पांढरी रेघ नाही, सायकलवाले विनादिव्याचे, आणि डोंगरात धुकं. पहाटे सव्वापाच-साडेपाचला मात्र लख्ख उजाडलेलं असतं, तेव्हा निघा की.

आता कात्री लावू.

तोर्तुगेरो काढा. जागा अप्रतिम आहे, पण तिथे रस्ताच जात नाही, ला पावोनाला गाडी लावून बोटीने जायचं, म्हणजे भाड्याची गाडी दोन-तीन दिवस उभी आणि भाडं चालू. लोक जातात ती हिरव्या कासवांसाठी आणि त्यांचा सीझन जुलै ते ऑक्टोबर. तुम्ही एप्रिलमध्ये जाताय. कासवांचीच हौस असेल तर खरं सांगू, वेळासला जाऊन या, रत्नागिरी जिल्ह्यात. तिकडे पॅसिफिक किनाऱ्यावर ओस्तिओनाल नावाचं गाव आहे, तिथे जी ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी एकदम वर येतात ती हीच आपल्या वेळासची जात. फक्त आपल्याकडे एकेक मादी येते आणि तिकडे किनारा भरून जातो, आपल्या ओडिशासारखा. गंमत म्हणजे ओस्तिओनालला पहिल्या काही दिवसांची अंडी गोळा करायला गावाला कायद्याने परवानगी आहे, कारण नंतर येणाऱ्या माद्या ती खणून फोडतातच.

कोर्कोवादो काढा. हे मी जड मनाने सांगतेय, कारण माझं सगळ्यात आवडतं जंगल ते आहे, तापीर, म्हणजे तो आखूड सोंडेचा मोठा प्राणी, मी तिथेच पाहिला. पण सर्टिफाइड गाइडशिवाय आत सोडत नाहीत, बोट लाटांतून किनाऱ्याला लागते तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, आणि त्याला स्वतंत्र चार दिवस हवेत. सासूबाईंना घेऊन नाही.

तामारिंदो काढा. ते वायव्येला, बाकी सगळ्याच्या उलट दिशेला. एप्रिलमध्ये तो ग्वानाकास्तेचा पट्टा विदर्भासारखा तापलेला आणि पानगळ झालेला असतो.

राहिलं ते बघा. पहिली रात्र आलाहुएला, एअरपोर्टचं गाव. मग तीन रात्री ला फोर्तुना, दोन मोन्तेवेर्दे, तीन मानुएल अँतोनिओ, शेवटची परत आलाहुएला. दहा झाल्या. यात ज्वालामुखी, गरम पाणी, ढगातलं जंगल, समुद्र आणि प्राणी सगळं आलं, आणि बॅगा चारदाच उचलायच्या. फक्त ईस्टरचा आठवडा टाळा. त्याला ते सेमाना सांता म्हणतात, अख्खा देश सुट्टीवर समुद्राकडे निघतो, आपल्या मे महिन्यातल्या मालवणसारखं. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कॅलेंडर बघूनच तिकीट काढा.

व्हिसाचं एक वाक्यात सांगते. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो किती दिवस शिल्लक हवा हा नियम बदलत असतो, निघायच्या आधी दिल्लीच्या त्यांच्या दूतावासाकडून खात्री करा.

गाडी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, मीही फसलेय. पहिल्या वर्षी मी नेटवर रोजचे अकरा डॉलर बघून खूश होऊन बुक केली आणि काउंटरवरच्या पोराने हसत हसत तो आकडा पंचेचाळीसच्या आसपास नेला. त्यात लबाडी थोडी आणि कायदा जास्त होता. तिथे थर्ड पार्टी लायबिलिटीचा इन्शुरन्स सक्तीचा आहे, तो तिथेच घ्यावा लागतो आणि तुमच्या क्रेडिट कार्डाचा इन्शुरन्स त्याला चालत नाही. कार्डाने फार तर गाडीच्या नुकसानीचा भाग सुटतो आणि तेही बँकेचं पत्र दाखवलंत तर. म्हणून बुक करतानाच ईमेल करून 'सक्तीच्या इन्शुरन्ससकट एकूण किती' असा आकडा लेखी मागवा. डिपॉझिटला क्रेडिट कार्डच लागतं, आणि जो चालवणार त्याच्याच नावाचं. मुलगा उंचीने लहान असेल तर बूस्टर सीट सांगून ठेवा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर आणि स्टेपनीसकट.

सेडान चालेल का? मी सांगितलेल्या रूटवर एप्रिलमध्ये बऱ्यापैकी चालेल, पण नका घेऊ. छोटी एसयूव्ही घ्या, खाली जागा असलेली. फोर बाय फोर ऑप्शनल, नदीतून गाडी घालायची वेळ तुमच्यावर येणार नाही (आणि आली तरी घालू नका, पाण्यात गाडी बंद पडली की कुठलाच इन्शुरन्स तोंड दाखवत नाही). ऑटोमॅटिक घेतलीत तरी उतारावर लो गिअर कसा टाकायचा ते पार्किंगमध्येच शिकून घ्या, नाहीतर मोन्तेवेर्दे उतरताना ब्रेकचा वास येतो. रस्त्याच्या उजवीकडून चालवायचंय, पहिले दोन दिवस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होणार, ते सगळ्यांचंच होतं. एकपदरी पूल पुष्कळ आहेत, तिथे 'सेदा एल पासो' अशी पाटी तुमच्या बाजूला असेल तर थांबायचं तुम्ही, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जो आधी लाइट मारेल त्याचा पूल, तसं तिकडे नाही.

पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, भाव सरकार ठरवतं आणि देशभर एकच, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरू नका. त्या पेट्रोलवरच्या करातला एक वाटा ज्यांनी आपल्या जमिनीवर जंगल राखलंय त्यांना जातो, १९९६ च्या कायद्यापासून. ऐंशीच्या दशकात गुरं चारायला जंगल तोडून तोडून देशाचं झाडोरं पाव हिश्श्यावर आलं होतं, आज अर्ध्याच्या वर आहे. तुम्ही जे हिरवंगार बघून वा वा कराल त्यातलं बरंचसं पुन्हा उगवलेलं आहे. आणि पॅसिफिककडे जाताना कडेला ओळीत लावलेली झाडं ओळखीची वाटली तर चकवा नाही, ती लागवड सागाची आणि शिवणीची आहे, आपल्याकडचीच झाडं. उलट आपला काजू मूळचा त्या खंडातला. तिकडे त्याला मारान्योन म्हणतात आणि बिया सोडून बोंडाचंच सरबत पितात.

चोरीबद्दल. मारामारीची भीती नाही, पण उभ्या गाडीतून बॅगा जातात, अगदी पाच मिनिटांत. म्हणून हॉटेल बदलायच्या दिवशी, म्हणजे डिकी भरलेली असते तेव्हा, 'जाता जाता हा बीच बघून घेऊ' हे करायचं नाही. थांबायचंच असेल तर एक जण गाडीपाशी. आणि टायर पंक्चर झालाय असं सांगत कुणी मदतीला धावून आला तर हसून पुढे जा, उजेडाच्या पंपावर थांबा.

आता ज्वालामुखी. लाव्हा दिसणार नाही. नेटवर आरेनालचे रात्रीचे लाल ओघळाचे फोटो अजून फिरतात, ते सगळे २०१० च्या आधीचे. १९६८ पर्यंत गावकरी त्याला साधा डोंगरच समजायचे. २९ जुलै १९६८ ला सकाळी तो बाजूने फुटला, ताबाकोन आणि पुएब्लो नुएवो ही गावं गेली, ऐंशीच्या वर माणसं गेली, आणि तेव्हापासून २०१० पर्यंत तो जवळजवळ न थांबता धुमसत होता. आता गप्प आहे. पण म्हणून बघायला काही नाही असं नाही. राष्ट्रीय उद्यानात १९९२ च्या लाव्हाच्या ओघापर्यंत पायवाट जाते. मुलाला तिथे दगड हातात घेऊ द्या. आपला बेसाल्ट कसा घासून गुळगुळीत झालेला, लेण्यात हात फिरवला तर थंड लागतो, हा तसा नाही, करकरीत, खरखरीत, कडेला बोट कापेल असा, आणि त्याच्या खाचेत आत्ताच कुठे करड्या दगडफुलाचे ठिपके आणि एखादं नेचं रुजलेलं. दगडाचं वय त्याच्या बापापेक्षा कमी आहे हे सांगितलं की पोरं एकदम गप्प होतात.

आणि आकार दाखवा. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला, म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आणि वरून सपाट. तिकडे कोकोस नावाची समुद्रतळाची प्लेट कॅरिबियन प्लेटच्या खाली घुसतेय, त्यातून वितळलेलं एकेका तोंडातून वर येतं आणि राख-लाव्हाचा शंकू रचत जातं. आरेनाल अगदी पोरांनी चित्रात काढावा तसा आहे. बऱ्याचदा ढगात असतो, सकाळी सहाला दिसण्याचा चान्स जास्त.

खोल विवर बघायचं तर पोआस, २,७०८ मीटर. व्ह्यू पॉइंटपर्यंतची वाट पक्की आणि सोपी, सासूबाईंना जमेल. पण त्याचा भरवसा नाही. एप्रिल २०१७ मध्ये उडाला तेव्हा दीडेक वर्षं उद्यान बंद होतं, २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद करावं लागलं. उघडं असतं तेव्हा वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन, डोक्याला हेल्मेट, आणि वीस मिनिटांत परत. त्यामुळे ट्रिप त्याच्यावर टांगू नका. बंद असेल तर इरासू, ३,४३२ मीटर, देशातला सगळ्यात उंच ज्वालामुखी, गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सान होसेला आले होते त्याच वेळी हा जागा झाला आणि पुढे दोन वर्षं राजधानीवर राख पडत राहिली. हेरेडियात माझ्या घरमालकीणबाई सांगायच्या, शाळेत जाताना डोक्यावर छत्री आणि तोंडाला रुमाल, पाऊस नसताना. वर एकदम चढल्यावर सासूबाईंना गरगरेल, स्वेटर द्या आणि हळू चालवा. इरासूला जायचं ठरलं तर मात्र तो दिवस आलाहुएलाच्या मुक्कामात वाढवा आणि ला फोर्तुनाची एक रात्र कमी करा, दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

ला फोर्तुनात सासूबाईंचे दोन दिवस मजेत जातील ते गरम पाण्यामुळे. महागडी रिसॉर्ट आहेत तशी मध्यम किमतीची कुंडंही आहेत, संध्याकाळचा पास घ्या. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांसारखं, फक्त स्वच्छ आणि भोवती झाडी. माझी आई पहिल्यांदा पोहण्याच्या कपड्यांना लाजली होती, मग सलवार-कुर्त्यासारखा पूर्ण स्विमसूट पुण्यातूनच शिवून नेला आणि दीड तास बाहेर यायला तयार नव्हती. धबधब्याला मात्र पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यांना नेऊ नका. त्याऐवजी झुलत्या पुलांचं जंगल आहे, उतार बेताचा, सकाळी सातला गाइडबरोबर.

रिओ सेलेस्तेला मुलगा आणि बाबा जाऊन येऊ देत, जायला दीड तास, आणि धबधब्यापाशी पुन्हा अडीचशे पायऱ्या. निळ्या पाण्याची नदी. रंगाचं कारण फार छान आहे. दोन बिनरंगी ओढे एकमेकांना मिळतात, एक आंबट म्हणजे आम्लाचा, आणि त्या आम्लामुळे दुसऱ्यातले ॲल्युमिनियम-सिलिकाचे बारीक कण चिकटून मोठे होतात. तेवढ्या आकाराचे कण बरोबर निळा उजेड पसरवतात. तिथल्याच विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. दोन ओढे मिळतात ती जागा वाटेवरच आहे, एका बाजूला काचेसारखं पाणी आणि एका रेषेपलीकडे निळं, तिथे दहा मिनिटं बसाच. पाण्यात उतरायला बंदी आहे. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला असेल तर जाऊ नका, चहासारखं दिसतं.

ला फोर्तुना ते मोन्तेवेर्दे. नकाशावर शेजारी, पण मध्ये तळं, वळसा घालून जायचं, साडेतीन तास. आरेनालचं तळं धरणाचं आहे, त्याच्यावर वीज होते, आणि पलीकडे तिलारानच्या टेकड्यांवर पवनचक्क्याच पवनचक्क्या, साताऱ्याचं चाळकेवाडी आठवेल. तळ्याच्या कडेला पिसोते नावाचे लांब नाकाचे, शेपटी उभी धरून चालणारे प्राणी गाड्या थांबवतात. खायला देऊ नका, त्या सवयीनेच ते चाकाखाली येतात.

तिलारानच्या पुढे सांता एलेनापर्यंतचा, म्हणजे मोन्तेवेर्देच्या गावापर्यंतचा, काही रस्ता कच्चा आहे. माझी ती गोष्ट सांगतेच. आई-बाबा आले होते, मी म्हटलं जेवून आरामात निघू, दोन वाजता निघालो, तळ्यावर फोटो, एका ठिकाणी कॉफी, आणि कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेपाच. वीस मिनिटांत अंधार, वरून ढगच खाली उतरलेला, हेडलाइट हाय बीमवर टाकला की समोर पांढरी भिंत. बाबा खिडकीतून डोकं काढून "डावीकडे दरी आहे, उजवीकडे घे" म्हणत होते आणि आई रामरक्षा. वीसेक किलोमीटरला दीड तास लागला. तेव्हा सकाळी आठला निघा. कच्चा रस्ता नकोच असेल तर तिलारानहून कान्यासला उतरून पॅन-अमेरिकन हायवेने ६०६ नंबरच्या रस्त्याने वर चढा, लांब पडतं पण पूर्ण डांबरी.

मोन्तेवेर्दे थंड, महाबळेश्वरच्या उंचीचं, आणि गाव वसवलं ते अमेरिकेतल्या अलाबामाहून १९५१ मध्ये आलेल्या क्वेकर नावाच्या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी. सैन्यात जायचं नव्हतं म्हणून देश सोडला आणि हा देश निवडला, कारण कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बंद केलं होतं. एप्रिल म्हणजे केत्झाल पक्ष्याचा घरट्याचा काळ, तुमचं नशीब चांगलं आहे. पहाटेचा गाइड घ्या. त्याला माहीत असतं कुठलं रानटी अव्होकाडोचं झाड पिकलंय, पक्षी तिथेच येतो, फळ अख्खं गिळतो आणि थोड्या वेळाने बी तोंडातून टाकतो. नराची शेपटी अंगापेक्षा लांब, उडतो तेव्हा हिरवी रिबीन मागे लहरत जाते. आणि मुलासाठी रात्रीचा वॉक, टॉर्च घेऊन दोन तास, टॅरँट्युला, झोपलेले पक्षी, लाल डोळ्यांचा बेडूक. तिथला सोनेरी बेडूक मात्र १९८९ नंतर कुणाला दिसलेला नाही, जगात फक्त याच डोंगरावर होता.

खाली पॅसिफिकला उतरलात की तारकोलेस नदीचा पूल लागेल, पुलाखाली गाळात ओंडक्यासारख्या पंधरा-वीस मगरी पडलेल्या असतात. पुलावर गाडी थांबवायची नाही, अलीकडे लावून फुटपाथने चालत, मुलाचा हात धरून, आणि एक जण गाडीत. पुढे पारितापासून केपोसपर्यंत पामतेलाच्या झाडांच्या रांगा. आधी तिथे केळी होती, रोगाने गेली.

मानुएल अँतोनिओचं राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असतं. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तिकीट फक्त ऑनलाइन, सरकारी साइटवर, वेळेसकट, आणि लवकर संपतं. गेटवर मिळत नाही. उद्यानाच्या आधी एक किलोमीटरपासून शिट्ट्या मारत, हात करत लोक गाडी अडवतात, गणवेशासारखा शर्ट असतो, 'पुढे पार्किंग नाही' म्हणतात. पुढे असतं.

गाइडवर पैसे खर्च करायचे तर इथे करा. मी पहिल्यांदा गाइडशिवाय गेले, तीन तासांत दोन माकडं आणि एक सरडा. दुसऱ्यांदा गाइड घेतला, गेटपासून दोनशे पावलांवर तो थांबला, दुर्बीण तिकाटण्यावर लावली, म्हणाला बघा. मला झाडावर काथ्याचा गुंडाळा दिसला. तो म्हणाला थांबा. मिनिटभराने त्या गुंडाळ्यातून एक हात निघाला, तीन नखं, पुढच्या फांदीवर ठेवायला आपण 'श्रीगणेशाय नमः' तीनदा म्हणू एवढा वेळ लागला. केसात शेवाळ, म्हणून हिरवट. डोळ्यांवर काळी पट्टी, चोरासारखी. हा स्लॉथ, झाडावर लटकून राहणारा सुस्त प्राणी, आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो, शी करायला, ही माहिती दहा वर्षांच्या मुलाला दिली की पुढची दोन वर्षं तो विसरणार नाही. मोबाईल दुर्बिणीला लावून गाइडच फोटो काढून देतो. सासूबाईंसाठी आत लाकडी फळ्यांचा उंच केलेला रस्ता आहे, सपाट, गुडघ्यांना त्रास नाही.

समुद्र. उद्यानाच्या आतला बीच शांत, छोट्या खाडीसारखा, मुलाला तिथे खेळू द्या. बाहेरच्या एस्पादियावर लाटा आणि आत ओढणारा प्रवाह असतो, दरवर्षी माणसं जातात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. आणि किनाऱ्यावर मान्सानियोचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. विषारी आहेत. पावसात त्या झाडाखाली उभं राहिलं तरी चीक अंगावर येऊन फोड येतात. बोर्ड असतो, पण मुलाला आधीच सांगून ठेवा.

उद्यानात खायला न्यायला बंदी आहे ती माकडांमुळेच. बाहेरच्या बीचवर मी एकदा भडंगाचं पाकीट उघडलं, पांढऱ्या तोंडाचं कापुचिन माकड मागून आलं, पाकीट घेऊन झाडावर. तिखट लागलं असावं, दोन घास खाऊन माझ्याकडे बघून ओरडलं आणि उरलेलं खाली ओतलं. तेव्हा हसलो सगळे, पण गाइडने झापलं, आणि बरोबर झापलं.

खाण्याचं. उपाशी कुणी राहणार नाही. सकाळी गायो पिंतो म्हणजे काळ्या घेवड्याचा फोडणीचा भातच, दुपारी कासादो म्हणजे ताट, भात, काळे बीन्स, गोड पिकल्या राजेळीसारख्या केळ्याचे तळलेले काप, कोबीची कोशिंबीर. त्यात मांसाऐवजी ताजं चीज घालून मागा. हे 'सोदा' नावाच्या छोट्या खानावळींमधून खा, रिसॉर्टमधून नको. टेबलावर चिलेरोची बरणी असते, व्हिनेगरमधली मिरची-गाजर-फ्लॉवर, सासूबाई लोणचं म्हणून चालवून घेतील. पण भाषा नीट वापरा. 'सिन कार्ने' म्हटलं की त्यांच्या डोक्यात बीफ नको एवढंच येतं आणि चिकन पुढे येतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन' असं सगळं म्हणायचं. बीन्समध्ये डुकराची चरबी घालतात कधी कधी, 'मांतेका?' एवढं विचारा. सासूबाई खरंच पक्क्या असतील तर ला फोर्तुना आणि मानुएल अँतोनिओला किचन असलेली जागा घ्या. सुपरमार्केटात तांदूळ, मसूर, काबुली चणे, दही सगळं मिळतं, आणि कुलांत्रो कोयोते नावाची लांब पानांची भाजी घ्या, वास थेट कोथिंबिरीचा. मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर पुण्यातून. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी प्यायला चालतं.

पत्ते मात्र विचारू नका. चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, असेच सांगतात, आपल्या मारुतीच्या देवळाशेजारी सारखे. सगळे वेझ हे रस्ता दाखवणारं ॲप वापरतात, तुम्हीही वापरा, हॉटेलकडून लोकेशन मागवून घ्या.

परतीचं. मानुएल अँतोनिओहून थेट फ्लाइट पकडायला निघू नका, एक ट्रक आडवा झाला की ३४ नंबरचा रस्ता दोन तास बंद. म्हणून आलाहुएलाची शेवटची रात्र ठेवलीय. आणि तो प्रवास रविवारी दुपारी नको, तेव्हा अख्खं सान होसे समुद्रावरून घरी जात असतं. टोलला सुटे कोलोन, म्हणजे तिथलं चलन, जवळ ठेवा. तारखा पक्क्या झाल्या की कळवा, मंगळवार कुठे पडतोय आणि रविवार कुठे ते बघून मोन्तेवेर्दे आणि मानुएल अँतोनिओच्या रात्री एकाने मागेपुढे कराव्या लागतील.